मुलाबाळांसह वारसा सहल: पहिल्यांदा आयोजन करणाऱ्यांसाठी

सोसायटीतल्या, वाचनालयातल्या किंवा नात्यातल्या पंचवीसेक जणांनी मिळून एखाद्या गडावर, संग्रहालयात किंवा राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरलं की आधी 'काय काय बघायचं' याची यादी होते. लहान मुलं सोबत असतील तर ही यादी उलटीकडून करा. सगळ्यात लहान मूल किती चालेल, स्वच्छतागृह कुठे आहे, सावली कुठे मिळेल आणि भूक कधी लागेल हे आधी लिहा. तेवढ्या वेळात जे नीट बघून होईल तेवढंच घ्या. गडावरच्या १५ ठिकाणांपैकी तीनच बघितली तरी चालतं. पंधराही बघायचा हट्ट धरला की चौथ्या ठिकाणी मुलं खाली बसतात, आणि पुढचा सगळा वेळ त्यांना ओढत नेण्यात जातो.

खाली सांगितलेला आराखडा १४ मुलं आणि ११ मोठी माणसं असा हिशेब धरून केला आहे. यापेक्षा मोठा गट पहिल्याच वेळी घेऊ नका.

जागा कशी निवडावी

सहा वर्षांखालची मुलं जास्त असतील तर संग्रहालय किंवा उद्यान घ्या. गडच हवा असेल तर मालवणचा सिंधुदुर्ग चांगला. होडीचा प्रवास होतो, चढ फारसा नाही, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडं पाणी कसं, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. पावसाळ्यात मात्र होड्या बंद असतात.

सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शिवनेरीसारखा पायऱ्यांचा, रुंद वाटेचा गड योग्य. गाडी पायथ्यापर्यंत जाते आणि वाटेत दरवाजे लागत राहतात, त्यामुळे 'आता पुढचा कोणता?' या उत्सुकतेवर मुलं चढतात. रायगडाला चौदाशेहून जास्त पायऱ्या आहेत. आजी-आजोबा आणि छोटी मुलं असतील तर रोपवेने जा, पण सुटीच्या दिवशी रांग मोठी असते हे धरून चाला. राजगड पहिल्या सहलीसाठी नको. चोर दरवाज्याच्या वाटेवरचा शेवटचा कातळाचा टप्पा मुलांना घेऊन चढण्यासारखा नाही, आणि एक मूल घाबरलं की सगळी रांग तिथेच अडते.

मुंबईकरांना घारापुरीही जमते: गेटवेहून होडीने सुमारे तासभर आणि मग सुमारे १२० पायऱ्या. तिथली माकडं हातातला खाऊ हिसकावतात, म्हणून पायऱ्यांवर पिशवीतून काहीही बाहेर काढू नका.

तारीख ठरवताना

साप्ताहिक सुटी आधी तपासा. या एका चुकीमुळे पुष्कळ बसगाड्या बंद दारावरून परत येतात. अजिंठा आणि घारापुरी सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, त्यामुळे त्याच्या आतल्या कान्हेरी लेण्याही सोमवारी बघता येत नाहीत. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि पुण्याचं कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं.

विशेष कार्यक्रमांचे दिवस ठरलेले आहेत: १८ एप्रिल जागतिक वारसा दिन, १८ मे आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह. या काळात प्रदर्शनं, चित्रकला स्पर्धा, मार्गदर्शनासह फेऱ्या होतात. मुलांसाठी यात सगळ्यात सोयीचा नोव्हेंबरचा सप्ताह. हवा थंड असते, गवत वाळायला लागल्याने वाटा दिसतात आणि टाक्यांत पाणी असतं. एप्रिल-मे मध्ये संग्रहालय निवडा, गड नको.

१९ फेब्रुवारीला शिवनेरी आणि जूनमध्ये राज्याभिषेक सोहळ्याला रायगड बघण्याची इच्छा प्रत्येकाला असते. तरी पाच-सहा वर्षांच्या मुलांना त्या गर्दीत नेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. मोठ्यांच्या कमरेच्या उंचीवर असलेल्या मुलाला तिथे फक्त पाठी दिसतात. सोहळ्यानंतर एक-दोन आठवड्यांनी गेलात तर तोच गड मुलांच्या वाट्याला पूर्ण येतो.

जागा कोणाच्या अखत्यारीत आहे?

घरच्या मंडळींनी नुसतं बघायला जायला परवानगी लागत नाही. पण तुम्ही कार्यक्रम करणार असाल, म्हणजे सगळ्यांना बसवून व्याख्यान, स्पर्धा, नाट्यप्रवेश, बक्षीस समारंभ, तर लेखी परवानगी घ्यावी लागते. केंद्र संरक्षित स्मारकात सभा, समारंभ किंवा करमणुकीचा कार्यक्रम लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. नेमून दिलेली जागा सोडून स्मारकात स्वयंपाक करायला आणि खायलाही मनाई आहे.

आधी फलक बघा. निळ्या फलकावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं नाव असेल तर स्मारक केंद्राकडे आहे. शिवनेरी, रायगड, लोहगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग असे किल्ले त्यात येतात. राजगड, साल्हेर, खांदेरी यांसारखे किल्ले राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत दोन्ही प्रकारचे आहेत. शिवाय आजूबाजूची जमीन बऱ्याचदा वन विभागाची असते, म्हणून वनपाल किंवा वनरक्षकांनाही कळवून ठेवावं.

अर्ज एका पानाचा पुरे. त्यात तारीख, आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ, मुलांची संख्या व वयोगट, मोठ्यांची संख्या, नेमकं काय करणार, आणि 'ध्वनिक्षेपक, मंडप, खाद्यपदार्थ नाहीत' हे वाक्य लिहा. जबाबदार व्यक्तीचा मोबाइल नंबर द्या. किमान तीन आठवडे आधी दोन प्रती घेऊन जा आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. आयत्या वेळी पहारेकऱ्याने हटकलं तर उपयोगी पडते ती हीच पोच; 'साहेबांशी बोलणं झालंय' हे तिथे चालत नाही.

संग्रहालयांत शिक्षण विभागाशी बोला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय आहे. अशा ठिकाणी गटाची नोंद आधी केली तर ओळख करून देणारं माणूस मिळू शकतं. गर्दीच्या मोठ्या संग्रहालयापेक्षा कधी कधी छोटं शासकीय संग्रहालय जास्त देऊन जातं. धाराशिव जिल्ह्यात तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या घरगुती वस्तू, मणी, मातीच्या बाहुल्या बघताना मुलांच्या मागे कोणी 'पुढे चला' म्हणत उभं नसतं.

आधी जाऊन पाहणी

ही पायरी गाळू नका. सहल रविवारी असेल तर आदल्या रविवारी, त्याच वेळेला, दोन जणांनी जाऊन यावं. वहीत एवढं टिपा:

- स्वच्छतागृह उघडं आहे का, नळाला पाणी आहे का, आणि तिथून पुढे किती वेळ दुसरं नाही.
- बस कुठे थांबते आणि वळते. गडाच्या शेवटच्या वळणांवर ५० आसनी बस अडते. २५ जणांना छोटी बस बरी.
- सकाळी ९, १० आणि ११ वाजता सावली कुठे असते.
- मोबाइलला नेटवर्क कुठे मिळतं.
- कठडा नसलेल्या जागा. शिवनेरीवरचं कडेलोट टोक मुलांच्या गटासाठी यादीतून काढून टाका.
- आग्या मोहोळ कुठे लागलं आहे. कड्याच्या कपारी, दरवाज्यांच्या कमानी, लेण्यांचे दर्शनी भाग वर मान करून बघा.

चालायला तुम्हाला लागलेला वेळ दुप्पट करा. मुलांच्या गटाचा खरा वेळ साधारण तेवढा निघतो.

माणसं वाटून घ्या

आठ वर्षांखालच्या चार मुलांमागे एक मोठं माणूस, आठ ते बारा वयाच्या सहा मुलांमागे एक. मुलांना स्वतःच्या आईबाबांच्या गटात ठेवू नका. दुसऱ्याच्या देखरेखीखाली मुलं जास्त ऐकतात आणि आईबाबाही मोकळेपणाने बघतात. फक्त अगदी लहानांना घरच्यांजवळ राहू द्या.

एक माणूस सगळ्यांच्या पुढे, एक सगळ्यांच्या मागे. पुढच्याच्या पुढे मुलाने जायचं नाही आणि मागच्याच्या मागे कोणी उरायचं नाही, एवढे दोनच नियम मुलांना सांगा. दहा नियम सांगितले की एकही लक्षात राहत नाही. मोजणी प्रत्येक दरवाज्याशी करा, तीही मुलांनी स्वतः आकडे म्हणून. प्रत्येकाला क्रमांक द्या. 'सात' आला नाही की लगेच कळतं. शर्टाच्या खिशात दोन मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. मुलाचं नाव पाठीवर मोठ्या अक्षरात लिहू नका, कोणीही अनोळखी माणूस नावाने हाक मारू शकतो.

मावळ्याचा पोशाख घालायचा मुलांचा आग्रह असतो. घालू द्या, पण प्लास्टिकच्या तलवारी घरी ठेवा. पायऱ्यांवर मागच्या मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर बरोबर तलवारीचं टोक येतं. नऊवारीत चढताना काष्टा सैल झाला की पाय अडकतो, म्हणून आत लेगिंग असू द्या आणि उतरताना साडी बदललेलीच बरी. पायात रोजचे वापरलेले बूट हवेत. सहलीसाठी नवीन घेतलेल्या बुटांनी पहिल्या तासातच टाच सोलवटते.

दाखवायचं काय आणि कसं

दीड तासात तीन थांबे. प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटं बोलणं आणि पंधरा मिनिटं मुलांचं काम. तारीख एकच सांगा: शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३०, रायगडावर ६ जून १६७४.

*दरवाजा.* गडाच्या मोठ्या दरवाज्याच्या आतल्या बाजूला दोन्ही भिंतींत समोरासमोर चौकोनी भोकं शोधायला सांगा. ती अडसराची. एका बाजूचं भोक खोल असतं, दुसऱ्या बाजूचं उथळ. असं का? मुलांना विचार करू द्या, पाच मिनिटं उत्तर सांगू नका. जाड लाकडी अडसर दिवसा खोल भोकात पूर्ण सरकवून ठेवायचा आणि रात्री ओढून समोरच्या उथळ भोकात टेकवायचा. हे कळलं की मुलं पुढच्या प्रत्येक दरवाज्याशी आपणहून भोकं शोधत पळतात. मग दोघांना पहारेकऱ्यांच्या देवडीत (दरवाज्याच्या आतल्या बसायच्या कोनाड्यात) बसवा आणि बाकीच्यांना वळणाबाहेरून हळूहळू चालत यायला सांगा. येणारा माणूस देवडीतल्याला कधी दिसतो आणि आत येणाऱ्याला दरवाजा कधी दिसतो, हे दोघांनी मोठ्याने सांगायचं. गोमुखी दरवाजा दोन बुरुजांच्या कवेत का लपवतात, हे व्याख्यानाने जितकं समजत नाही तितकं या खेळाने समजतं. हत्तीला धडक मारायला धाव घेता येऊ नये म्हणून वाट वळवलेली आहे, हेही त्यांना पावलं मोजून दाखवा.

*टाकं.* कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं म्हणजे मुलांच्या लेखी 'घाण पाण्याचा खड्डा'. तिथे थांबा. काठापासून दोन हात लांब, मोठ्या माणसाने मधे उभं राहून. वरच्या उतारावर खोदलेली बारीक पन्हळ डोळ्यांनी शोधायला सांगा, तिच्यातून पावसाचं पाणी टाक्यात उतरायचं. खांबटाकं असेल तर खांब वेगळे आणून उभे केलेले नाहीत, आजूबाजूचा दगड काढून ते शिल्लक ठेवलेले आहेत, हे सांगा. ते खरं वाटावं म्हणून अंघोळीचा साबण आणि आइस्क्रीमची लाकडी काडी घेऊन जा. प्रत्येक मुलाला साबणाच्या वडीत दोन खांबांचं छोटं टाकं कोरायला द्या, पायथ्याला सावलीत बसल्यावर. दहातल्या सात मुलांचा खांब मोडतो, आणि मोडलेला पुन्हा लावता येत नाही म्हटल्यावर एकाच कातळातून कोरलेल्या वेरूळच्या कैलासाकडे ती मुलं वेगळ्या नजरेने बघतात. साबण कोरून झाल्यावर चुरा कागदात गोळा करून परत आणा. पाण्यात पडता कामा नये.

कान्हेरीला गेलात तर लेण्यांच्या बाहेरच्या टाक्या मोजायला लावा. तिथल्या ब्राह्मी लेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलं आहे, आणि कल्याण, सोपारा अशा गावांच्या लोकांनी दानं दिल्याच्या नोंदी आहेत. मुंबईच्या मुलांना रोजच्या लोकलमधली स्टेशनं दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडात सापडतात.

*संग्रहालय.* इथे पद्धत बदलते. दालनं फिरवत बसू नका. प्रत्येक मुलाने एकच वस्तू निवडायची आणि ४० मिनिटं तिच्यासोबत घालवायची. कागद, पुठ्ठ्याची पाटी आणि पेन्सिल द्या. पेन, स्केचपेन, रंग नकोत. शाईचा एक शिंतोडा कापडावर किंवा लाकडावर कायमचा राहतो, म्हणून बहुतेक ठिकाणी ते आत नेऊच देत नाहीत. कागदावर पाच प्रश्न: कशाची बनलेली आहे? कुठे झिजली आहे? हातात कशी धरत असतील? घरात आज तिचं काम काय करतं? हिच्याबद्दल काय कळत नाही? यातला झिजेचा प्रश्न सोन्यासारखा आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांसमोर मुलं थांबतात. कोणी पोपटाच्या आकाराचा, कोणी घोड्याचा निवडतं, आणि मग मूठ किती लहान आहे हे बघून वापरणारा हात कोणाचा असेल यावर वाद घालतं. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेच्या काठी ती कशी आली असेल, याची गोष्ट मुलांनाच रचायला सांगा.

काचेला हात लावू नका हे सांगून ती ऐकत नाहीत. हात पाठीमागे बांधून बघायचा 'पहारेकरी खेळ' केला तर काम होतं. कॅमेऱ्याचा फ्लॅश आधीच घरी बंद करून ठेवा, ऐनवेळी सेटिंग सापडत नाही.

नावं कोरणं, दगड उचलून घरी आणणं याबद्दल मुलांशी सरळ बोला. केंद्र संरक्षित स्मारकाला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिक्षेची भीती घालण्यापेक्षा भिंतीवर कोरलेलं एखादं नाव दाखवून 'हे आता कसं पुसायचं?' असं विचारा.

डबा आणि पाणी

अर्ध्या दिवसाला मुलामागे एक लिटर, मोठ्यामागे दीड ते दोन लिटर पाणी. शिवाय गाडीत २० लिटरचा एक जार. बाटल्या स्टीलच्या आणा; उद्यानांत आणि बऱ्याच गडांवर प्लास्टिकला मनाई किंवा अनामत असते. खायला दशम्या, धपाटे, शेंगदाण्याचे लाडू, केळी, काकडी. वडापाव-वेफर्सनी तहान वाढते आणि चढताना मळमळतं. निघताना दूध पाजू नका, घाटातल्या वळणांवर उलटीचं ते हमखास कारण. जेवण पायथ्याला, नेमून दिलेल्या जागी. कचऱ्यासाठी दोन पिशव्या, एक ओल्याची, एक कोरड्याची, आणि दोन्ही परत गावात.

प्रथमोपचाराच्या डब्यात ओआरएसची सहा पाकिटं, पट्ट्या, जंतुनाशक, क्रेप बँडेज, चिमटा, आणि ज्या मुलांना दमा किंवा ॲलर्जी आहे त्यांची स्वतःची औषधं नावासह. ही यादी पालकांकडून चार दिवस आधी लेखी घ्या.

शिवनेरीचं वेळापत्रक (पुण्याहून)

पुणे ते जुन्नर सुमारे ९५ किलोमीटर. ६ वाजता निघा, म्हणजे सव्वासहाला निघाल. वाटेत एक थांबा धरून पावणेनऊपर्यंत जुन्नर. गावातच सगळ्यांना स्वच्छतागृहाला पाठवा, 'मला नाही आली' म्हणणाऱ्यांनाही. ९ ला चढाई सुरू, दरवाज्यापाशी पहिला थांबा. १० च्या सुमारास वर. गंगा-जमुना टाकी, मग शिवजन्मस्थान. अंबरखाना (धान्याचं कोठार) बाहेरून. शिवाई देवीच्या मंदिरासाठी मुख्य वाट सोडून वळावं लागतं. मुलं ताजी असतील तर जाताना, दमली असतील तर सोडून द्या. ११ वाजता उतरायला सुरुवात, १२ च्या आत पायथा, जेवण. दुपारी लेण्याद्रीचा मोह होतो, पण तिथे पुन्हा सुमारे तीनशे पायऱ्या आहेत. त्याच दिवशी नको.

तिकीट असलेल्या केंद्र संरक्षित स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. मोठ्यांची तिकिटं ऑनलाइन आदल्या रात्री काढून ठेवा, दारातल्या क्यूआर कोडपाशी नेटवर्क दगा देतं.

बिघडतं ते इथे

भाषणं. प्रमुख पाहुणे, सत्कार, आभार असं काही ठेवलंत तर थंड सकाळचा अर्धा तास गेला आणि चढाई उन्हात आली.

मधमाश्या. धूर, अत्तराचा किंवा डिओचा वास, दगड मारणं, ढोल आणि ओरडणं यांनी आग्या मोहोळ उठतं. त्या दिवशी कोणीच अत्तर लावू नये, आणि घोषणा द्यायच्या तर मोहोळापासून लांब, मोकळ्या जागी. मोहोळ उठलंच तर हात झाडू नका. मुलांची तोंडं ओढणी-टॉवेलने झाका आणि ओळीने लवकरात लवकर त्या जागेपासून दूर न्या. टाक्यात उडी मारू देऊ नका. नांग्या लगेच खरवडून काढा. श्वास लागला, ओठ सुजले किंवा डंख खूप असतील तर थेट रुग्णालय. १०८ ला फोन करा.

उन्हाचा त्रास. चिडचिड, डोकेदुखी, खेळकर मूल अचानक गप्प होणं ही पहिली खूण. सावलीत बसवा, ओला रुमाल मानेवर, ओआरएस घोट-घोट. ते मूल आणि एक मोठं माणूस लगेच खाली जाईल; बाकी गट वाट पाहत उन्हात उभा राहणार नाही, हे आधीच ठरवून ठेवा.

हरवलेलं मूल. चुकलं तर जिथे आहे तिथेच बसायचं आणि गणवेशातल्या माणसाला चिठ्ठी दाखवायची, हे निघण्याआधी प्रत्येकाकडून वदवून घ्या. शोधायला दोघंच जातील, बाकीचे मोजणी करून एका जागी बसतील.

उतरण. सर्वाधिक पडझड उतरताना होते, कारण मुलं पळतात आणि मोठी माणसं गप्पांत असतात. उतरताना पुढचा माणूस बदला, सगळ्यात शांत चालणाऱ्याला पुढे ठेवा.

बस सुटण्याआधी शेवटची मोजणी आसनावर बसल्यावर करा, दाराशी नाही; दाराशी मोजलेलं मूल पुन्हा टोपी आणायला उतरतं. परतीच्या वाटेवर मुलं झोपली की वहीत प्रत्येक थांब्याला प्रत्यक्ष किती वेळ लागला ते लिहून टाका, आणि दुसऱ्या दिवशी ज्या कार्यालयाने परवानगी दिली त्यांना मुलांची दोन चित्रं जोडून आभाराचं पत्र पाठवा. पुढच्या अर्जाच्या वेळी ते पत्र फाइलमध्ये असतं.